बीडमधले आमचे पहिले वर्ष

जून 2023 मध्ये आम्ही तिघी बारावी करून बीडला शिकायला आलो. एक गेवराईची, गोदावरीच्या अंगाची. दुसरी पाटोद्याची, जिथल्या डोंगरात मांजरा उगम पावते. तिसरी धारूरची, घाटावरची. तिघींच्या घरून परवानगी मिळायला उन्हाळा गेला होता. शेवटी बशीरगंजात एका हाजीसाहेबांच्या वाड्यात वरची खोली मिळाली. घरमालकीण खाली राहते, दरवाजा मगरिबनंतर बंद होतो, हे ऐकून तिघींच्या अम्मींचा जीव भांड्यात पडला. खोलीचे भाडे 2400 रुपये. तिघींना ते जड जात होते, म्हणून वर्गातली चौथी मुलगी आम्ही सोबत घेतली. ती शिरूर कासार तालुक्यातली, सिंदफणेच्या बाजूची. आईवडील ऊसतोड कामगार. प्रत्येकीच्या वाट्याला 600 रुपये आले.

हे वर्ष संपले तेव्हा ठरवले की त्याबद्दल लिहायचे. बीडचे नाव बाहेरच्या लोकांनी बहुधा दुष्काळ आणि भांडणे यांसाठीच ऐकलेले असते. आम्ही जे पाहिले ते वेगळे होते. त्यात आमची एक चूकही आहे, तीही सांगतो.

पहिले दोन महिने आम्हाला कॉलेज, बसस्थानक आणि खोली याशिवाय काही माहीत नव्हते. ऑगस्टमध्ये धारूरच्या मैत्रिणीचे अब्बा भेटायला आले. त्यांचे शिलाईचे दुकान आहे, पण मन इतिहासात रमते. म्हणाले, ज्या गावात राहता ते पाहिले तरी पाहिजे. त्यांनी आम्हा चौघींना आधी बिंदुसरेच्या काठी नेले, मग पाण्यात उभे असलेले कंकालेश्वराचे देऊळ लांबून दाखवले, शहेनशाह वलींच्या दर्ग्यावर फातेहा पढवला. वाटेत गोष्टी चालूच होत्या. मुहम्मद तुघलकाचा एक दात बीडजवळ पडला आणि त्याने तो थाटामाटात दफन करून त्यावर घुमट बांधला, ही गोष्ट फिरिश्ताने लिहून ठेवली आहे. करजणी गावाजवळ तो घुमट दाखवतात. ‘दाताची कबर’ ऐकून आम्ही दिवसभर हसलो. बीडच्या चामड्याच्या छागली एके काळी नावाजलेल्या होत्या, हेही त्यांनीच सांगितले. प्रवासात पाणी थंड ठेवणारी ती पिशवी. ज्या मुलखात पाणी कमी, तिथे पाणी सांभाळायची कला मोठी, असे ते म्हणाले.

शेवटी आम्ही सोलापूर रस्त्याने खजाना विहिरीवर गेलो. शहरापासून फार लांब नाही. अहमदनगरच्या निजामशाहीत, मुर्तजा निजामशहाच्या काळात, सलाबतखानाने ही विहीर बांधली. अहमदनगरजवळच्या डोंगरावर लोक ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात, ती खरे तर याच सलाबतखानाची कबर. विहिरीचे काम राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकाराने केले असे सांगतात. म्हणजे हुकूम एका मुसलमान सरदाराचा, अक्कल एका हिंदू कारागिराची आणि घाम कुणाकुणाचा, त्याची नावेसुद्धा कुठे नाहीत.

विहीर वरून पाहिली तर साधी गोल विहीर वाटते. पायऱ्यांनी खाली उतरलो तेव्हा तिची गंमत कळली. पाण्याच्या कडेने दगडी ओवरी गोल फिरते. भुयारातून पाणी विहिरीत येते आणि दुसऱ्या भुयाराने बाहेर पडून जमिनीखालून शेतांकडे जाते. मोट नाही, बैल नाहीत, मोटार नाही. जमिनीचा उतार मोजून केलेले काम. पाणी आपल्याच वजनाने पुढे जाते आणि बलगुजार भागातली शेती भिजते. सारा खजिना या कामात ओतला म्हणून ‘खजाना’ हे नाव पडले असे लोक सांगतात.

अब्बा ओवरीवर बसून म्हणाले, “बेटा, मरने के बाद भी जिसका खाता बंद नई होता, वो येच है.” आम्हाला ती हदीस मदरशापासून पाठ होती. माणूस गेला की त्याच्या कर्मांची वही मिटते, पण तीन गोष्टींचा सवाब चालू राहतो: वाहता सदका, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती. आम्ही माना हलवल्या. आमची शिरूरची मैत्रीण मात्र पाण्याकडे बघत राहिली आणि तिने एकच विचारले, “काका, ह्या पाण्यावर किती घरं जगली असतील?” अब्बांना उत्तर आले नाही.

त्या साली पाऊस रुसला होता. माजलगावचे धरण भरले नाही. आमच्या वाड्यात नळाला पाणी कधी आठ दिवसांनी, कधी त्याहून उशिरा येऊ लागले, आणि तेही रात्री अपरात्री. 31 ऑक्टोबरला सरकारने राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आमच्या जिल्ह्यातले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई होते. त्याच दोन-तीन दिवसांत शहरात आंदोलन पेटले, संचारबंदी लागली, मोबाईलचे नेट बंद झाले. आम्ही खोलीत बसून खाली घरमालकिणीकडची बातमी ऐकायचो. रस्ते मोकळे झाल्यावर चौघी आपापल्या गावी गेलो. शिरूरची मैत्रीण जाताना म्हणाली, “दिवाळी झाली की येते.”

दिवाळी झाली. ती आली नाही. फोन लागला की “येते, येते” म्हणायची, मग फोनही लागेना. इकडे भाड्याचे तिचे 600 रुपये आमच्यावर पडू लागले. नोव्हेंबर गेला. वर्गातली दुसरी एक मुलगी जागा शोधत होती. आम्ही तिघींनी बसून ठरवले की खाट तिला द्यायची. शिरूरच्या मैत्रिणीची पत्र्याची पेटी भरली, तिला कुलूप लावले, आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ती पेटी पोचवायला आणि राहिलेले भाडे मागायला तिच्या गावी निघालो. मुलींनी एकट्याने जाणे घरी चालणार नव्हते, म्हणून धारूरहून अब्बांना बोलावून घेतले. त्याच वर्षी मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले होते, त्यामुळे खर्चही बेताचा होता. हे सगळे हिशेब आम्ही अगदी नीट केले होते. ती का आली नाही, एवढेच कुणी नीट विचारले नव्हते.

शिरूर कासारपर्यंत एस.टी., पुढे काळी-पिवळी. गावात उतरलो तर दुपारी अकराला गाव झोपल्यासारखे. एका आळीत सात-आठ दारांना ओळीने कुलपे. ओट्यावर म्हातारी माणसे आणि लहान मुले. मधल्या वयाचे कोणी दिसेना. आम्ही बीड जिल्ह्यातच वाढलो, ऊसतोडीची माणसे ट्रॅक्टरांत बसून जाताना लहानपणापासून पाहिली, पण ती गेल्यावर मागे गाव कसे दिसते हे आम्ही कधी पाहिले नव्हते.

मैत्रीण अंगणात भांडी घासत होती. आम्हाला पाहून उभी राहिली, मग पेटी पाहिली आणि काहीच बोलली नाही. घरात आजी होती, मोतीबिंदूमुळे तिला धड दिसत नव्हते. दोन धाकटे भाऊ, एक तिसरीत, एक पाचवीत. आईवडील नोव्हेंबरच्या सुरुवातीला टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यावर गेले होते. दर वर्षी आजी पोरांना सांभाळायची. या वर्षी तिचे डोळे गेल्यावर चूल कोण पेटवणार, हा प्रश्न आला आणि उत्तर म्हणून मुलीचे कॉलेज थांबले.

तिने चहा ठेवता ठेवता सगळे सांगितले. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती दोघांच्या हातांवर. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. गाडी रात्री दोनला आली तरी उठावे लागते. एकीने घरी यायचे म्हटले की कोयता मोडला. एक दिवस गेला तर खाडा धरतात आणि तो उचलीत चढतो. “आई येऊ शकत नाही,” ती म्हणाली. “मग मीच राहिले. तुम्हाला काय सांगू, भाडं तर द्यायचंच राहिलं.” असे म्हणून ती आत गेली आणि डब्यातून काढलेल्या नोटा घेऊन बाहेर आली.

जोहरची वेळ झाली होती. आम्ही कुठे नमाज पढावी म्हणून बघत होतो, तर आजीने नातवांना कोंबड्या बाहेर हाकायला लावल्या आणि पेटीतून धुतलेली वाकळ काढून अंथरायला सांगितली. “तुमचं तोंड कुणीकडं असतं गं बायांनो?” असे विचारून तिने त्या बाजूची घागर स्वतः चाचपडत सरकवली. त्या घागरीत घरातले प्यायचे पाणी होते. वजूसाठी तिने त्यातलेच काढून दिले. टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता, हे आम्हाला नंतर कळले.

सजद्यात गेल्यावर तिघींनाही रडू आले. एकमेकींना ते आम्ही फार दिवसांनी सांगितले.

अब्बा येताना एक शब्द बोलले नव्हते. निघताना त्यांनी पेटी उचलून पुन्हा खांद्यावर घेतली. “पेटी वापस लेके चलो. खाट किसीकू देना नई.” भाड्याच्या नोटा त्यांनी आजीच्या हातात परत ठेवल्या आणि मग आमच्याकडे बघून विचारले, “परीक्षेचा फॉर्म भरलाय का हिचा?” भरला नव्हता. मुदत संपायला चार दिवस होते. तिची कागदपत्रे त्या पेटीतच होती. जी पेटी आम्ही तिच्या दारात टाकून येणार होतो, तीच.

फॉर्म भरला. पैसे आमच्या अंबाजोगाईच्या सहलीचे होते. निजामाच्या काळात त्या गावाला मोमिनाबाद म्हणत, तिथे मुकुंदराजांची समाधी आहे, हत्तीखान्याची लेणी आहेत. ते बघायचे राहिले, राहू दे. पुढचे काम सोपे नव्हते. गावच्या शाळेत ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय होती. गुरुजींना भेटून दोन्ही भावांची नावे तिथे घातली, म्हणजे त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची काळजी मिटली. आजीजवळ राहायला संक्रांतीनंतर तिची आत्या आली. तोवर मैत्रीण पेपरच्या दिवशी पहाटेच्या गाडीने बीडला यायची. आमच्यातली एक बसस्थानकावर नोट्स आणि डबा घेऊन उभी असायची.

इथे चमत्कार झाला असे लिहिता आले असते. झाला नाही. सहा पेपरांपैकी ती चारांत पास झाली, दोन राहिले. दोन महिने वर्गात नसलेल्या मुलीचे आणखी काय होणार? पण फेब्रुवारीत ती खोलीवर परत आली आणि आपली खाट पाहून तिने पहिल्यांदा विचारले, “दुसरी कुणी नाही घेतली?” आम्ही म्हणालो, “नाही.” खोटे नव्हते, पण पूर्ण खरेही नव्हते. पूर्ण खरे आम्ही तिला रमजानमध्ये सांगितले. ती म्हणाली, “मला माहीत होतं. पेटीला कुलूप तुमचं होतं.”

12 मार्चला पहिला रोजा झाला. नळाला पाणी यायचे ते पहाटे तीनला. रात्री अभ्यास करून आम्ही मेल्यासारख्या झोपायचो. पाण्याचा आवाज तिला आधी ऐकू यायचा. ती खाली जाऊन हंडे लावायची, मग वर येऊन हाका मारायची, “उठा गं, पाणी पण आलं आणि तुमची सहरी पण.” महिनाभर आमची एकही सहरी चुकली नाही. त्यातल्या किती तिच्यामुळे, ते अल्लाहला माहीत.

अलविदा जुम्म्याच्या दिवशी, 5 एप्रिलला, तिची आई कारखान्यावरून परतताना लेकीला भेटायला वाड्यावर आली. हातात गुळाची ढेप. हात इतके चिरलेले की ढेप देताना कागद बोटांना अडकत होता. तिने आमच्याबरोबर इफ्तारला खजूर खाल्ला, ग्लासभर सरबत घेतले आणि भिंतीला टेकून तिथेच झोपली. पाच महिन्यांत ती रात्रभर सलग झोपली नव्हती. आम्ही तरावीह दबक्या आवाजात पढलो. तो गूळ तीन ठिकाणी वाटून आम्ही आपापल्या घरी ईदला नेला.

मे महिन्यात परीक्षा संपली. खोली सोडताना आम्ही एक ठरवले. खाऱ्या बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता, त्याच्या झाकणाला फट पाडली. जमेल तिने महिन्याला 20-30 रुपये टाकायचे. वर्गातल्या कुणाचा फॉर्म, कुणाचे तिकीट, त्यातून. सलाबतखानाकडे खजाना होता, आमच्याकडे डबा आहे. पाणी उताराने आपोआप पुढे जाते, पण तो उतार आधी कुणीतरी मोजावा लागतो.

वाचक माता-भगिनींना आमची एक विनंती आहे. तुमच्या मुलीच्या वर्गात दिवाळीनंतर एखादी खाट, एखादा बाक रिकामा राहिला, तर डिसेंबरची वाट पाहू नका. नोव्हेंबरमध्येच विचारा. आणि आमच्या मैत्रिणीचे राहिलेले दोन पेपर सुटावेत म्हणून दुआ करा. तिची आजी वाट बघते आहे. तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन या पावसाळ्यात करायचे ठरले आहे, इन्शाअल्लाह.