मेस्सी, रोनाल्डो आणि आमचा वसीम जाफर

दिवाळीला मुलगा-सून पुण्याहून आले की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. नातू रोनाल्डोचा, नात मेस्सीची. फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या जी जुंपते ती रात्री दिवे विझेपर्यंत. मी आपला चकलीचा तुकडा मोडत ऐकत असतो. फुटबॉल मी शाळेच्या मैदानावर पोरांच्या मागे शिट्टी घेऊन धावण्याइतकाच खेळलो आहे, त्यामुळे माझं मत कोणी विचारत नाही. पण या दिवाळीत नातवाने एक मुद्दा काढला आणि तो माझ्या डोक्यातून काही जाईना.

त्याचं म्हणणं असं. रोनाल्डो इंग्लंडमध्ये खेळला, स्पेनमध्ये खेळला, इटलीत खेळला, जिथे गेला तिथे गोल केले. मेस्सी तेरा वर्षांचा असताना बार्सिलोनात गेला आणि २०२१ पर्यंत तिथून हलला नाही. "आजोबा, एकाच शाळेत पहिला नंबर काढणं वेगळं आणि दर वर्षी नव्या शाळेत जाऊन काढणं वेगळं. खरा मोठा कोण?"

नात चिडून म्हणाली, "त्याने ७७८ सामन्यांत ६७२ गोल केले एका क्लबसाठी. आणखी काय सिद्ध करायचं?" नातवाकडे उत्तर तयारच होतं. रियल माद्रिदसाठी ४३८ सामन्यांत ४५० गोल, म्हणजे सामन्यांपेक्षा गोल जास्त! आकडे मुलांना पाढ्यांसारखे पाठ असतात. पाढे मात्र नसतात. असो.

शाळेचं उदाहरण दिलं म्हणून मी त्यात पडलो. चाळीसेक वर्षं शाळेतच गेली, तेव्हा तेवढा अधिकार माझा आहे असं वाटलं. मी नातवाला विचारलं, "रोनाल्डो ज्या शाळांत गेला त्या कशा होत्या रे?" तो गप्प. मँचेस्टर युनायटेड, रियल माद्रिद, युव्हेंटस. सगळ्या नामांकित, गुणवत्ता यादीतल्या शाळा. युव्हेंटसने तर तो २०१८ मध्ये येण्याआधी ओळीने सात वर्षं इटलीची लीग जिंकली होती. तो आल्यावर आणखी दोन जिंकली आणि तिसऱ्या वर्षी ती परंपरा तुटली. यात त्याचा दोष नाही. आणि परका देश, परकी भाषा, वय तेहतीस, तिथे जाऊन गोल करणं म्हणजे गंमत नव्हे, हेही मी मान्य करतो. पण एका श्रीमंत घरातून दुसऱ्या श्रीमंत घरी गेलेल्या सुनेने संसार छान केला म्हणून तिची परीक्षा झाली असं म्हणता येईल का? (सूनबाई हे वाचतील, त्यांनी हलके घ्यावे.)

मॅराडोनाची गोष्ट वेगळी होती. तो १९८४ मध्ये बार्सिलोना सोडून नेपोलीला गेला. त्या क्लबने तोवर इटलीची लीग एकदाही जिंकलेली नव्हती. तो असताना १९८७ ला आणि १९९० ला, अशी दोनदा जिंकली. गरीब, दक्षिणेकडचं शहर, उत्तरेचे लोक त्यांना हिणवायचे. हे वाचलं की आम्हा विदर्भातल्या लोकांना ते शहर उगाचच ओळखीचं वाटतं.

आणि इथेच मला वसीम जाफर आठवला.

नातवंडांना तो समाजमाध्यमांवर विनोदी चित्रं टाकणारा गृहस्थ म्हणून माहीत आहे! त्यांना काय सांगावं? मुंबईच्या बस ड्रायव्हरचा मुलगा, रणजीच्या दुसऱ्याच सामन्यात नाबाद ३१४. भारताकडून ३१ कसोट्या, त्यात दोन द्विशतकं. मुंबईकडून आठ रणजी करंडक, त्यातले दोन कप्तान म्हणून. २००८ नंतर भारतीय संघात परत बोलावणं आलं नाही. आणि २०१५ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, हा माणूस मुंबई सोडून विदर्भाकडून खेळायला आला.

तेव्हा आमच्याकडे चहाच्या टपरीवर काय बोललं जात होतं ते मला चांगलं आठवतं. "म्हातारा झाला म्हून इकडे धाडला." विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता आणि तोवर एकदाही अंतिम फेरीत गेला नव्हता. मोठ्या संघांनी यावं, गुण घ्यावेत, संत्री घ्यावीत आणि जावं, असा आमचा कारभार. पहिली दोन वर्षं जाफर आला तरी काही बदललं नाही. दुसऱ्या वर्षी दुखापतीमुळे तो बराच काळ खेळूही शकला नाही. संघटनेने ठरलेले पैसे तरी दिले, म्हणून पुढच्या वर्षी तो मानधन न घेता खेळला, असं वर्तमानपत्रांत आलं होतं. ते वर्ष म्हणजे २०१७-१८.

त्या वर्षी चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. फैझ फझल कप्तान होता. उपांत्य फेरीत कोलकात्याला कर्नाटकविरुद्ध अवघ्या पाच धावांनी जिंकलो, रजनीश गुरबानीने सात बळी घेतले. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना. गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, आणि १ जानेवारी २०१८ रोजी विजयाचा चौकार कोणाच्या बॅटमधून? जाफरच्या. मी टीव्हीपुढे एकटाच होतो. टाळ्या वाजवल्या तर सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काय झालं जी? पेन्शन वाढली का?"

मार्चमध्ये इराणी करंडकाचा सामना जामठ्याला झाला. कळंबहून नागपूरकडे जाताना देवळी, वर्धा, बुटीबोरी करत जामठा नागपूरच्या आधीच लागतं. दुसऱ्या दिवशीचा खेळ पाहायला मी भल्या सकाळी एसटीने निघालो, डब्यात पोळी आणि ठेचा. एवढं मोठं स्टेडियम आणि माणसं इथे चार, तिथे सहा. चाळिशी ओलांडलेला तो उंच, शिडशिडीत माणूस दिवसभर खेळत राहिला. घाई नाही, आदळआपट नाही. ऊन चढत होतं, गोलंदाज बदलत होते आणि हा आपला एखाद्या कारकुनाने खतावणी लिहावी तसा धावा मांडत होता. संध्याकाळी नाबाद २८५. दुसऱ्या दिवशी एक धाव काढून बाद झाला. विदर्भाने ८०० पर्यंत मजल मारली.

पुढच्या मोसमात त्याने हजारावर धावा केल्या आणि विदर्भाने पुन्हा रणजी जिंकली, फेब्रुवारी २०१९ मध्ये, जामठ्यालाच, सौराष्ट्राविरुद्ध. जाफरचे एकूण करंडक दहा झाले.

तर मी नातवाला म्हणालो, "घर बदलून मोठेपणा सिद्ध होतो असं म्हणायचंच असेल तर जाफरचं नाव घे."

त्यावर नात म्हणाली, "पण आजोबा, ते जाफरमुळे जिंकले की पंडितांमुळे, की त्या गुरबानीमुळे?"

मी शिक्षक आहे, बरोबर प्रश्न ओळखता येतो. याला उत्तर नाही. दहावीचा निकाल चांगला लागला की गणिताचे सर म्हणतात माझ्यामुळे, मुख्याध्यापक म्हणतात शिस्तीमुळे, आणि मुलं बिचारी रात्री जागलेली असतात. मेस्सीचंही तसंच. पॅरिसला गेला तेव्हा पहिल्या वर्षी फिका पडला म्हणून लोक म्हणाले, पाहा, घराबाहेर चालत नाही. मग डिसेंबर २०२२ मध्ये त्याने अर्जेंटिनाला विश्वचषक जिंकून दिला, तेव्हा तो पॅरिसचाच खेळाडू होता. पुढे मायामीला गेला. तो क्लब तेव्हा तळाला होता, २०२५ मध्ये अमेरिकेची लीग जिंकला. आता काय म्हणायचं? आणि मुळात त्याला जायचंच नव्हतं. बार्सिलोनाचे हिशेब बिघडले म्हणून तो गेला, निरोप घेताना सगळ्या जगासमोर रडला. पेले तर ऐन भरात असताना कधी युरोपात खेळायला गेलाच नाही, सांतोसमध्येच राहिला. त्याला लहान म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, त्यात माझी लबाडी उघडी पडते. २०१९ च्या त्या अंतिम सामन्यात आमच्या आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले होते, पुजाराला दोन्ही डावांत त्यानेच काढला. तोच सरवटे २०२४ मध्ये केरळकडे गेला. आणि योग असा की २०२५ चा अंतिम सामना जामठ्याला विदर्भ विरुद्ध केरळ! सरवटेने आमच्याविरुद्ध ७९ धावा काढल्या. मी टीव्हीपुढे चरफडत होतो, "आपलं खाऊन गेला." त्याच सामन्यात आमच्याकडून शतक कोणी ठोकलं? करुण नायरने, जो कर्नाटक सोडून आमच्याकडे आला होता. त्याचं मात्र मला भारी कौतुक. आम्ही जिंकलो, पहिल्या डावाच्या आघाडीवर. नायर पुढच्या मोसमात परत कर्नाटकाकडे गेला. आला तो गुणी, गेला तो कृतघ्न, असा माझा न्याय.

हा न्याय मी फार वर्षांपूर्वी एका माणसाला लावला होता.

माझे एक सहकारी होते. आम्ही एकाच वर्षी इथल्या शाळेत लागलो, ते इतिहास-भूगोल, मी मराठी. पोरांमध्ये आमच्यात नेहमी तुलना, कोणाचा तास चांगला यावर पैजा लागत. १९८४ मध्ये नागपूरच्या एका शाळेत दोन जागा निघाल्या. दोघांनी अर्ज केले, दोघांना बोलावणं आलं. ते गेले आणि निवडले गेले. मी आयत्या वेळी गेलोच नाही. पुढे ते मुख्याध्यापक झाले, नाव झालं. मी इथेच निवृत्त झालो. सत्कारात लोक म्हणाले, सरांनी मोठ्या शहराचा मोह टाळला, चिंतामणीच्या पायाशी राहिले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. ते गेले त्यांच्याबद्दल मात्र शिक्षकांच्या खोलीत "पैशापाठी गेले" असं मी बोललो होतो. एकदा नव्हे, अनेकदा.

खरं असं होतं की मी घाबरलो. शहरातली पोरं माझ्या बोलण्याला हसतील, इथे जमलेला तास तिथे जमणार नाही, आणि मग मी कोण उरेन? मोह वगैरे काही नव्हता. चाळीस वर्षांत हे मी फक्त सौ.ला सांगितलं, आणि तिला ते आधीच माहीत होतं.

नातवंडं गेल्यावर घर रिकामं झालं. मी फोन लावला. आवाज थकलेला वाटला त्यांचा. इकडचं तिकडचं झालं, शेवटी विचारलं, "सर, तुम्ही गेलात ते कधी चुकलं असं वाटलं का?"

ते हसले. म्हणाले, "पहिली दोन वर्षं पोरं माझं बोलणं ऐकून हसायची. मी 'काऊन' म्हटलं की मागच्या बाकावरून 'काऊन, काऊन'. कळंबला परत घ्या म्हणून अर्ज लिहून ठेवला होता मी. टाकला नाही. तुम्ही काय म्हणाल याची लाज वाटली."

"मी?"

"मग काय. तुमच्याशीच तर स्पर्धा होती."

मला काही बोलता येईना. मग शिक्षकांच्या खोलीतलं ते सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला कळलं होतं ते तेव्हाच." आणि विषय बदलून गुडघ्यांबद्दल बोलू लागले.

तो अर्ज अजून त्यांच्या जुन्या फायलीत आहे म्हणे. येत्या चतुर्थीला ते चिंतामणीच्या दर्शनाला येताहेत, सोबत आणतो म्हणाले. सौ.ने भरल्या वांग्यांचं आत्ताच ठरवून टाकलं आहे.