डोंगरापलीकडचा जुलै

जुलैच्या मध्यात पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायला लागलं की पहिली काही वळणं पाऊस वरून पडत असतो. पुढे तो सगळीकडून येतो. दरीतून वर घुसणारा वारा धबधब्याला खाली पडूच देत नाही, त्याचं पाणी उलटं कड्यावर भिरकावतो. मग काचेवरचे थेंब दिसेनासे होतात, नुसती ओल साचत राहते, आणि समोरून येणाऱ्या एसटीचे दिवे अगदी जवळ आल्यावर उमगतात. खालून ज्याला आपण ढग म्हणत होतो त्यात आपण शिरलेलो असतो.

पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे उभं राहिलं की ध्यानात येतं, वारा अडत नाही, चढतो. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन निघालेली हवा कोकणाची चिंचोळी पट्टी ओलांडते आणि समोर एकदम हजार-बाराशे मीटरची भिंत येते. मागून रेटा असतो, वर जाण्यावाचून गत्यंतर नसतं. वर हवेचा दाब कमी, म्हणून ती फुगते, आणि फुगली की गार होते. गार हवेला बाष्प पेलत नाही, त्याचे थेंब होतात. यातला मला सगळ्यात विलक्षण वाटणारा भाग याच्या पुढचा आहे. बाष्पाचं पाणी होताना त्यात दडलेली उष्णता मोकळी होते, ती हवेलाच मिळते आणि हवा आणखी वर उठते. डोंगर फक्त सुरुवात करून देतो, पुढचं बळ समुद्रावरच्या उन्हानं त्या बाष्पात आधीच भरून ठेवलेलं असतं.

महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. गावातली माणसं पाऊस लागण्याआधी घरांच्या पश्चिमेकडच्या भिंतींना गवताचे जाड तट्टे बांधायची, अजूनही काही ठिकाणी बांधतात. झोत भिंतीवर बसू नये म्हणून घराला अशी घोंगडी पांघरायची. आत गेलं तरी काडेपेटी ओढता येत नाही, मिठाला पाणी सुटलेलं असतं, धुतलेले कपडे विस्तवाच्या कडेनं वाळत घातलेले असतात आणि त्यांना धुराचा वास लागलेला असतो. इथला पाऊस कोसळतो तेव्हा भीती वाटत नाही, कारण तो थांबतच नसतो. भीती वाटायला मध्ये थोडी शांतता लागते.

पाचगणी इथून वीस किलोमीटरही नाही. उंचीतही फारसा फरक नाही. पण पाऊस निम्म्याहून कमी. पसरणी घाटानं वाईत उतरावं तर ७००-८०० मिलिमीटर. उतरणारी हवा दाबली जाते आणि तापते, सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं तशी. तापलेल्या हवेत उरलंसुरलं धुकं विरून जातं. वाईच्या घाटावर, ढोल्या गणपतीसमोर उभं राहिलं की पश्चिमेला डोंगरावर काळंभोर आभाळ टेकलेलं दिसतं, डोक्यावर मात्र विरविरीत ढग आणि मधूनच ऊन. आणि पायाशी कृष्णा. धोम धरणाचे दरवाजे उघडले असले तर कोरड्या आभाळाखाली तिचं गढूळ पाणी पायऱ्या चढत येतं. जो पाऊस वाईवर पडलाच नाही तो असा वाईतून जातो.

वर क्षेत्र महाबळेश्वरला पाच नद्यांचा उगम मानतात. चौघी पूर्वेकडची वाट धरतात, एकटी सावित्री कडा उतरून कोकणात जाते. हे मला फार मोठं वाटतं. वाऱ्यानं जे पूर्वेला नेलं नाही ते या नद्यांनी नेलं. घाटमाथ्याचा पाऊस घाटमाथ्यापुरता कधीच नव्हता.

पण नदी तिच्या खोऱ्यातून जाते, आणि खोऱ्याबाहेर माणदेश आहे. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव करत दहिवडीला पोहोचलं की वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर. जुलैत इथे दिवसभर पश्चिमेचा वारा घोंघावतो. हा तोच वारा, पाणी सांडून आलेला. ढग येतात, घाईनं येतात, महादेवाच्या डोंगररांगेवरून त्यांच्या सावल्या पळतात, चार-दोन टिपके पडतात आणि धूळसुद्धा बसत नाही. वीतभर बाजरी वाऱ्यानं एका अंगाला कललेली असते. माणसं वर बघतही नाहीत. त्यांना ठाऊक असतं, आपला पाऊस याच्यातला नव्हे. तो उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत, दुपारी उकडून, गडगडाट करत, बऱ्याचदा पूर्वेकडून येतो. त्या पावसात सह्याद्रीचा हात नाही. शाळूची पेर त्याच्यावरच होते, आणि तो चुकला की गुरांच्या छावण्या.

पश्चिम आणि पूर्व मिळून हा एकच मुलूख आहे, हे सगळ्यात आधी धनगरांनी ओळखलं असावं. दिवाळी झाली की माणदेशातले त्यांचे वाडे, म्हणजे तांडे, मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणात भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढरं बसवतात, त्या खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात, आणि पावसाच्या आधी परत फिरतात. माणदेशात कुळकजाईच्या बाजूला वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, गुंडाळत बसलेल्या एका म्हाताऱ्यांना मी विचारलं होतं, "बाबा, पावसाळ्यात तिकडं चारा मुबलक असतो, मग परत का येता?" ते म्हणाले, "त्या पावसात मेंढरू टिकत न्हाई. खुरं कुजत्यात. मेंढराला ही कोरडी भुईच पायजे." ज्या जमिनीला आपण सरसकट दुष्काळी म्हणतो तिचा कोरडेपणा कुणाच्या तरी जगण्याचा आधार आहे, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

म्हणून माणदेशाला महाबळेश्वर करा असं कुणी म्हणणार नाही, पण प्यायला आणि एका पिकापुरतं पाणी मागणं रास्त आहे. ते आता थोडंथोडं येतंय. कासच्या पठाराजवळून निघणारी उरमोडी सज्जनगडाच्या पायथ्याशी अडवली आहे, तिचं पाणी पंपांनी उचलून खटाव-माणकडे नेतात. टेंभूच्या योजनेतून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं चढत आटपाडी-सांगोल्यापर्यंत जातं. वारा फुकट चढवतो ते पाणी आपण वीज जाळून चढवतो.

आणि ती वीज कुठून येते? तिचा एक वाटा कोयनेचा. १०५ टीएमसीच्या त्या जलाशयातलं पाणी बोगद्यांतून पोफळीच्या बाजूला सोडतात, ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. कृष्णा पाणीतंटा लवादानं असं पश्चिमेला वळवायची मर्यादा ६७.५ टीएमसी ठरवून दिली आहे. समुद्रावरून निघून, हजार मीटर चढून, माथा ओलांडून पूर्वेला उतरलेलं पाणी पुन्हा समुद्राकडे. १९६०च्या दशकात राज्याला विजेची निकड होती, तेव्हा ते योग्यच होतं. आज वीज उन्हातून मिळते, आणि चाळकेवाडीच्या पठारावर त्याच पश्चिमेच्या वाऱ्यातूनही मिळते. पाणी मात्र दुसऱ्या कशातून मिळत नाही. हस्त कोरडा गेलेल्या वर्षी तरी पोफळीकडचं पाणी कमी करून ते पूर्वेला ठेवावं, आणि हा हिशेब ऑक्टोबरातच, छावण्या उघडायची वेळ येण्याआधी व्हावा.