झिलई

मोटारीतले मला काही कळत नाही. मी शाळामास्तर, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. तेव्हा गेल्या वैशाखात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका रंगकाम करणाऱ्या मिस्त्रींच्या शेडमध्ये मी दोन दिवस स्टुलावर बसून होतो, असे सांगितले तर ओळखीचे लोक हसतील. पण बसलो होतो खरा.

गाडी दादांची. तांबडी मारुती आठशे, १९९६ साली घेतलेली. त्याआधी आमच्या दाराशी उभे राहणारे वाहन म्हणजे माझी सायकल. दादा जाऊन तीन वर्षे झाली, तरी वहिनींनी गाडी विकली नाही. पुतणीचे लग्न ठरले तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, पोरीला सासरी पाठवायची ती ह्यांच्याच गाडीतून. तेवढी जरा चकचकीत करून आणा."

उन्हाने तांबडा रंग फिकट गुलाबी पडला होता. मी बाजारातून सर्वांत महागडी पॉलिशची बाटली आणि लोकरीचे एक गुबगुबीत पॅड घेऊन गेलो. मिस्त्रींनी बाटली उलटसुलट करून पाहिली.

"सर, हे कुणी सांगितलं?"

"दुकानदाराने."

"त्याला विकायचं हाय. मला गाडी परत द्यायची हाय."

मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली. शिकवणे हा माझा धंदा असल्यामुळे चांगला मास्तर मला ओळखता येतो. पॉलिश म्हणजे तेलपाणी नव्हे, ते म्हणाले. त्यात दगडासारखे कठीण, बारीक कण असतात आणि ते रंग खरवडतात. पृष्ठभाग सपाट असला की प्रकाश एका दिशेने परततो, ती चकाकी. ओरखडे असले की तो विखुरतो. लोकर जोरात कापते. स्पंज त्याहून सौम्य, आणि स्पंजातही कठीण-मऊ अशा जाती. रंगावरून पारख करू नये, कारण एका कंपनीचे नारिंगी पॅड ते दुसरीचे नारिंगी नव्हे; बोटांनी दाबून पाहावे. एका पॅडला एकच पॉलिश. आणि काही पॉलिशांतले कण घासता घासता फुटून बारीक होत जातात. मध्येच घाईने थांबलात तर जाड कणांच्या खुणा मागे राहतात. आणखी एक जात असते, ती ओरखडे काढत नाही, नुसते तेलाने भरून झाकते. चार वेळा गाडी धुतली की ते पुन्हा हजर. (आम्ही कादंबरीकारही पुष्कळदा हेच करतो. असो.)

डिकीच्या कोपऱ्यावर त्यांनी वीतभर जागा घेतली आणि सर्वांत मऊ पॅड, सर्वांत सौम्य पॉलिश लावून पाहिले. भागले नाही तरच पुढची पायरी, हा त्यांचा नेम. पांढरे पॅड पाहता पाहता तांबडे झाले. मी घाबरलो.

"ह्या गाडीला वरचा पारदर्शक थर न्हाई," ते म्हणाले. "एकेरी रंग. घासाल तेवढा तिचा रंगच जातोय." हल्लीच्या गाड्यांवरचा तो वरचा थरसुद्धा साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून बारीक. तेव्हा लोकर बाजूला राहिली. आणखी उजळ होईल का, असे मी दोनदा विचारले. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली. कडांवर रंग पातळ असतो म्हणून तिथे त्यांनी चिकटपट्टी लावली.

डाव्या दाराशी येऊन ते थांबले. कडीखाली हातभर लांब रेघ होती. त्यांनी तिच्यावरून आडवे नख फिरवले. "नख अडकतंय. जिथं नख अडकतं तिथं पॉलिश चालत न्हाई. पार पत्र्यापर्यंत गेलीय." मग वाकून म्हणाले, "आत कुणीतरी काडीनं रंग भरलाय. लई निगुतीनं. म्हणून गंजली न्हाई. कशानं पडली?"

"जुनी आहे," मी म्हणालो.

रात्री झोप लागली नाही. मी पंधरा वर्षांचा होतो. अंगणातून सायकल काढताना ब्रेकची दांडी दाराला घासत गेली. दादांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, मला काय माहीत. गाडी धुवायला रोज एक पोरगा यायचा, माझ्याच वयाचा. बादलीची कडी लागली असेल, असे कुणीतरी म्हणाले. मी गप्प राहिलो. दादा ओरडले नाहीत; उद्यापासून येऊ नकोस, एवढेच म्हणाले. त्याचे महिन्याचे राहिलेले पैसे त्यांनी माझ्याच हाती पाठवले. त्याने ते मोजून घेतले आणि माझ्याकडे एकदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री शेवटचा हात फिरवत असताना मी हे सगळे सांगून टाकले. एकोणतीस वर्षांत कुणाला सांगितले नव्हते. त्यांनी मशीन बंद केले, पॅड झटकले आणि पुन्हा त्या रेघेकडे पाहिले.

"बादलीची न्हवंच ही, सर. बादली झुलती, तिची खूण वाकडी पडती. ही एका उंचीनं सरळ गेलीया. पत्र्यात काम केलेल्या कुणालाबी दिसंल."

दादांचा जन्म फौंड्रीत लेथवर गेला. त्या रेघेत त्यांनी काडीने रंग भरला, तेव्हा रंगाची डबी धरून मीच त्यांच्या शेजारी उभा होतो.