थकीत इच्छांचे खाते

चाळिशी उलटली की माणसाने रक्तातली साखर, चष्म्याचा नंबर आणि विम्याचा हप्ता या तीन गोष्टी वेळच्या वेळी पाहाव्यात, असे आमचे वडील म्हणत. हल्ली त्यात चौथीची भर पडली आहे. तिला बकेट लिस्ट म्हणतात.

हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडला तो आमच्या महाळुंगे शाखेत. महाळुंगे म्हटले की पुण्याची मंडळी लगेच "म्हणजे बालेवाडी स्टेडियमचं ना?" असे विचारतात. ते नव्हे. घोडेगावच्या अंगाला आणखी एक महाळुंगे आहे, तेही नव्हे. आमचे महाळुंगे खेड तालुक्यातले, चाकण-तळेगाव रस्त्यावरचे. इथल्या जमिनीत पूर्वी बाजरी यायची, आता मोटारी येतात. माझी इथे बदली झाली तेव्हा पेढे खायला निघालेले आमचे मेहुणे स्टेडियमला प्रदक्षिणा घालून तसेच घरी गेले, त्याला आता नऊ वर्षे होतील.

तर या शाखेत एक नवा प्रोबेशनरी ऑफिसर आला. वय चोवीस, मुक्काम पोस्ट पाटणा. एके दिवशी डबा उघडता उघडता त्याने मला विचारले, "सर, आपकी बकेट लिस्ट में क्या क्या है?"

मी म्हटले, "दो बडी, एक छोटी, और एक पिंप."

तो हसला नाही. कारण तो भोसरीत राहत नाही. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येते, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी घरातली प्रत्येक बादली, पातेले, कळशी कोणत्या क्रमाने भरायची याची एक यादी सौ.च्या डोक्यात तयार असते. मला वाटले, तो तीच विचारतोय.

मग त्याने समजावून सांगितले. इंग्रजीत बादलीला लाथ मारणे म्हणजे मरणे. (पाण्याने भरलेली बादली लाथाडणारा माणूस आमच्या घरात जिवंत राहणार नाहीच, तेव्हा हा वाक्प्रचार मला एकदम पटला.) ती लाथ मारण्याआधी काय काय करून घ्यायचे त्याची यादी ती बकेट लिस्ट. २००७ साली या नावाचा हॉलिवूडचा चित्रपट आला, दोन म्हातारे पेशंट यादी करून जग हिंडतात असा, आणि तेव्हापासून ही साथ पसरली. २०१८ साली मराठीतही याच नावाचा चित्रपट आला. माधुरी दीक्षितचा पहिला मराठी चित्रपट, म्हणून तो मी सहकुटुंब पाहिला होता, पण माझे लक्ष यादीकडे नव्हते. त्यात एका गृहिणीला एका मुलीचे हृदय बसवतात आणि ती बाई त्या गेलेल्या मुलीच्या राहिलेल्या इच्छा पुऱ्या करते. दुसऱ्याची यादी एकवेळ पुरी होते हो! स्वतःच्या यादीला कोणी तगादा लावत नाही.

आणि यादी तर माझ्याकडे होती. पंचविसाव्या वाढदिवसाला केलेली, बँकेच्याच २००३ सालच्या डायरीत, शेवटच्या पानावर. तिला 'संकल्प' असे साधे मराठी नाव होते. डायरी मला माळ्यावर सापडली, हार्मोनियमच्या पेटीखाली. एकूण कलमे अकरा. अकराव्या आकड्यापुढे काहीच लिहिलेले नाही. बहुधा जेवायला हाक आली असावी.

मी बी.कॉम. आहे. कागदावर अकरा ओळी दिसल्या की त्यांचे ऑडिट केल्याशिवाय मला झोप येत नाही. आमच्याकडे नियम असा आहे की कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की ते खाते एनपीए. २००४ च्या मार्चपासूनचा हा नियम. त्याआधी एकशे ऐंशी दिवसांची सवलत होती. एनपीएच्याही पुढे पायऱ्या आहेत: वर्षभरापर्यंत सबस्टँडर्ड, मग डाउटफुल, आणि शेवटी लॉस. बावीस वर्षे थकलेल्या इच्छेला रिझर्व्ह बँक काय म्हणाली असती, याची कल्पना करून मी आधी एक कप चहा घेतला.

कलम एक, स्वतःचे घर. झाले. म्हणजे चावी माझ्याकडे आणि कागदपत्रे बँकेकडे. कलम दोन, पल्सर मोटारसायकल. ही गाडी बनते ती आमच्या महाळुंग्यातल्याच बजाजच्या कारखान्यात. रोज सकाळी ट्रकमध्ये उभ्या राहून त्या माझ्या समोरून जातात. पण पैसे होते तेव्हा लग्न ठरले, आणि पुन्हा पैसे आले तेव्हा मणक्याच्या डॉक्टरांनी पट्टा दिला. आता पल्सर आमच्या चिरंजीवांकडे आहे. हप्ता माझा, स्वारी त्यांची. हे कलम मी 'वारसाकडे वर्ग' असा शेरा मारून बंद केले.

हार्मोनियम शिकणे हे राइट ऑफ केले. लोकांना वाटते राइट ऑफ म्हणजे माफी. अजिबात नाही. पुस्तकातून काढून टाकले तरी वसुली चालूच ठेवायची असते. पेटी माळ्यावर आहे, भाता शाबूत आहे, तारण सुरक्षित. पोहणे शिकायचे होते, त्याची सोय वेगळी लावली. दहा वर्षे कोणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते आणि मालक कधी उगवलाच तर त्याला परत मिळते. माझे पोहणे मी त्या निधीत जमा धरले आहे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. रोज एक म्हटली तरी पंचवीस वर्षे लागतात, असा हिशेब मी तेव्हा डायरीत मांडलेला आहे. हिशेब बरोबर आहे. ऑफिसर होणे हे कलम मात्र मी स्वतःच्या हाताने खोडले होते, कारण प्रमोशनबरोबर बदली येते आणि बदलीची गावे भूगोलाच्या पुस्तकातही नसतात.

खरे सांगायचे तर दुसऱ्यांच्या इच्छा वाचण्यातच माझी नोकरी गेली. कर्जाच्या अर्जात 'प्रयोजन' म्हणून एक रकाना असतो. अर्धी दुनिया त्या दीड इंचात मावते. लातूरहून कंपनीत आलेला पोरगा लिहितो, बहिणीचे लग्न. बिहारचा लिहितो, गावी पक्के घर. फॉर्मवर सगळे शहाण्यासारखे असते. एकदा इथल्याच एका शेतकऱ्याने लिहिले, 'दुभती जनावरे'. आमचे साहेब पाहणीला गेले, तर गोठ्यात एक पांढराशुभ्र खोंड. साहेबांनी विचारले, "हा दूध किती देतो?" तो गडी म्हणाला, "सायेब, घाटात सोडून बघा, मग सांगा."

या भागात बैलगाडा म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचे नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. तो खोंड त्या वेळी ऐन उमेदीत होता. मालकाने तो विकला नाही, नांगराला जुंपला नाही. पेंड, खोबरे, काय काय चारत ठेवला. कर्जाचा हप्ता मात्र कधी चुकवला नाही, अगदी तीन तारखेला काउंटरवर हजर. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली तेव्हा मी त्याला मुद्दाम विचारले, "आता?" तो म्हणाला, "आता तो म्हातारा झाला की वो. पर घाटापर्यंत नेऊन आणला. वास तरी घेऊ द्या म्हटलं." एवढे बोलून त्याने पासबुक पुढे केले आणि म्हणाला, "भरून द्या." मी भरून दिले. दुसरे काय करणार?

यादीतले सहावे कलम होते महाराजांचे किल्ले पाहणे. रायगड झाला, प्रतापगड झाला, सिंधुदुर्गाला बोटीत उलटीही झाली. राहिला तो चाकणचा संग्रामदुर्ग. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शाइस्ताखानाच्या अफाट फौजेला तो जवळजवळ दोन महिने मिळू दिला नाही. त्या चाकणच्या तळेगाव चौकातून मी रोज दोनदा जातो. 'जातो' हा शब्द आपला म्हणायला. कंटेनरच्या मागे उभा असतो. खान दोन महिने इथेच का अडकला असेल याविषयी माझे स्वतःचे एक मत तयार झाले आहे. पण किल्ला पाहिला का? नाही. इथलाच आहे, पाहू कधीतरी.

भामचंद्राच्या डोंगराचेही तेच. तुकोबा एकांतासाठी जाऊन बसत तो हा डोंगर, आता चहूकडून कारखाने आलेले. शाखेच्या गच्चीवरून दिसतो. आमचे शिपाईमामा दर महिन्याला जाऊन येतात आणि मला विचारतात, "सायेब, कधी येताय?" मी म्हणतो, "येऊ हो, हा काय इथे तर आहे!" काश्मीर मात्र झाले, यादीत नसताना. एलटीसी संपत होती.

आता चौथे कलम. ते मी शेवटी घेतले, कारण त्यापुढे माझ्या अक्षरात लिहिले आहे: 'आईला विमानात बसवणे. लवकर.'

लोहगावचे विमान भोसरीवरून गेले की आई गच्चीत पापड वाळत घालता घालता डोळ्यांवर हात धरून ते दिसेनासे होईपर्यंत पाहत असे. कुठे जायचे हे तिच्या दृष्टीने महत्त्वाचे नव्हतेच, वरून पाहायचे होते. मी तिकिटांची चौकशी केली, आणि नेमकी त्याच सुमारास बातमी आली की पुण्याचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ इकडे चाकण-राजगुरुनगरच्या बाजूला होणार. आई म्हणाली, "मग आत्ता कशाला रे धावपळ? दारातच होतोय तर तिथूनच जाऊ. रिक्षानं जाता येईल." म्हटले तर बरोबरच होते. घरात सर्वांनी माना डोलावल्या.

मग तो विमानतळ या गावाहून त्या गावाला फिरू लागला. आज इथे मोजणी, उद्या तिथे विरोध. मी महाळुंग्याला आलो तेव्हा काउंटरवर दुसरी चर्चाच नव्हती. एक आजोबा तावातावाने म्हणायचे, "इमान उतराया माझंच वावर घावलं का?" आणि त्यांचा नातू त्यांच्या मागे उभा राहून मला हळूच विचारायचा, "सायेब, मोबदला आला तर एफडीला रेट काय द्याल?" दोघांचे बरोबर होते. मी घरी येऊन आईला रोजचे बुलेटिन देत असे. शेवटी २०१६ मध्ये विमानतळ पुरंदरला गेला, म्हणजे कागदावर गेला. तिथेही तो अजून उभा राहायचाच आहे. आजोबा हसले, नातू हळहळला. आई म्हणाली, "पुरंदर? त्यापेक्षा लोहगाव जवळ की!"

त्यानंतर वडिलांचे आजारपण निघाले, आणि ते गेले. मग करोना. मग आईचा उजवा गुडघा, मग डावा. लोहगावला २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले. मी तिला पेपरातला फोटो दाखवला. तिने तो लांब धरला, जवळ धरला आणि मला परत दिला. "छान असेल," ती म्हणाली, "पण आता वरून मला काय दिसणार?"

या रकान्यात मी पेन्सिलने 'डाउटफुल' लिहिले होते. ऑडिट म्हणजे ऑडिट. पण हे पान सौ.ने पाहिले आणि ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या बँकेचा कुठलाही इन्स्पेक्टर असा बघू शकत नाही. दुसऱ्या दिवशी ती आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. महिन्याच्या अंतराने दोन ऑपरेशने झाली. दुसरी पट्टी निघाल्यावर आई घरी आली, स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "अगं बाई, या ओट्याच्या टाइल्स निळ्या आहेत?"

बहीण नागपूरला असते. पुणे-नागपूर तिकिटे काढायला मी परवा रात्री बसलो. आई शेजारी खुर्ची ओढून बसली, नवा चष्मा लावून, हेड ऑफिसने पाठवल्यासारखी.

"खिडकी आहे ना?"

"खिडकीचे वेगळे पैसे पडतात, आई."

"किती?"

"साडेतीनशे."

"मग भर. ह्यांच्या पेन्शनीतले घे. आणि पंखावरची नको हं, काही दिसायचं नाही."

पंखावरची नको म्हणून मी तीन जागा मागे सरकलो. आईने पडद्यावरच्या त्या चौकोनावर बोट ठेवून खात्री केली. मग विचारले, "कुठल्या बाजूनं वळतं रे ते? भोसरी दिसेल ना?"

मी म्हटले, "वैमानिकाला विचारावं लागेल."

"विचार की," आई म्हणाली, "तुमच्या बँकेत खातं असेल एखाद्याचं."