पेंट शॉपची शिस्त

गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये शिरायचं तर केसांचं सीरम, डिओ, हाताचं क्रीम सगळं घरी ठेवायचं. कारण सिलिकॉन. त्याचा कण ओल्या रंगावर बसला की रंग तिथून बाजूला सरतो आणि बारीक खड्डा पडतो. लाइनवर त्याला ‘क्रेटर’ म्हणतात. मग पुन्हा घासा, पुन्हा रंगवा. केस ‘रेशमी’ करणारं डायमेथिकोन म्हणजेही सिलिकॉनच.

चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात मोजल्याशिवाय काही पुढे सरकत नाही. रंगाचा थर मायक्रॉनमध्ये मोजतात. सप्लायर ‘पार्ट एकदम ओके’ म्हणाला, तरी क्वालिटीवाले रिपोर्ट मागतात. याच लाइनवरची मुलगी पगार झाला की रविवारी भोसरीच्या गल्लीतलं पार्लर गाठते. थ्रेडिंग चालू असताना समोर दरपत्रक: डी-टॅन, गोल्ड फेशियल, ‘इन्स्टंट ग्लो’. इथे रिपोर्ट कुणी मागत नाही.

तिच्या हौसेला नावं ठेवायचं कारण नाही. शिफ्टभर उभं राहून, तोंडाला स्कार्फ बांधून धुळीतून घरी येणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरून कुणी अर्धा तास मायेनं हात फिरवला, तर तिचे पैसे तिथेच वसूल होतात. खटकतो तो ‘ग्लो’चा दावा. 1975 साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ क्रीमच्या जाहिरातींनी गोरेपणाची सांगड नोकरीशी आणि लग्नाशी घातली. 2020 मध्ये त्या क्रीमचं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. गाडीच्या रंगाची चमक ग्लॉसमीटरवर आकड्यात दिसते. चेहऱ्याच्या ग्लोला आकडाच नाही, त्यामुळे तो कधी खोटाही ठरत नाही.

आणि उजळण्याचा दावा खरा ठरला तर? अकोल्यात आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडं स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेल्या क्रीमनं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा मेलॅनिन तयार करणारं एन्झाइम अडवतो, म्हणून कातडी खरोखर उजळते. तोच पारा अंगात मुरून मूत्रपिंडावर उठतो. नियमानं सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापलीकडे चालत नाही. डोळ्यांच्या प्रसाधनांची मर्यादा तेवढी वेगळी.

कारखान्यात बॅच नंबर नसलेला पार्ट ही मुलगी सरळ बाजूला काढते. पार्लरमधल्या बिननावाच्या डबीलाही तिनं तोच न्याय लावावा: लायसन्स नंबर नाही, घटकांची यादी नाही, तर रिजेक्ट. थ्रेडिंग मात्र खुशाल करावं.