चार खोल्यांचा एक रेडिओ

आमच्या आईनं जन्मात कधी कुणाकडं काही मागितलं नाही. लुगडं आणलं तर नेसली, नाही आणलं तर जुन्याला टाका घातला. त्यामुळं आवणीच्या दिवसांत ओल्या अंगणात पाय घसरून तिचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि तिला धाकट्या भावाकडं ठाण्याला ठेवलं, तेव्हा "आई, तुला काही हवंय का?" या प्रश्नाला "काय नको" एवढंच उत्तर येणार हे मला ठाऊक होतं. तसंच झालं. आणि त्या 'काय नको'नंच मला पुढं तीन महिने फिरवलं.

मी मुरबाड तालुक्यातला भातवाला शेतकरी. भावाचं घर टेंभी नाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत आहे. खोल्या चार, पण एकामागं एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. रस्त्याकडची बैठकीची, मग मुलांची, मग स्वयंपाकघर आणि सर्वांत मागं एक लहान खोली. संडास-मोरी तिथून जवळ म्हणून आईची खाट त्या मागच्या खोलीत टाकली. सोय म्हणून बघाल तर चोख. खिडकी मात्र एकच, आणि ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडं उघडते.

दर पंधरा दिवसांनी मी येष्टीनं कल्याण आणि तिथून लोकलनं ठाणे गाठत होतो. सोबत तांदूळ, वाल, कधी घरची भेंडी. (जांभळी नाक्याचा बाजार दोन पावलांवर असताना भेंडी कशाला आणता, असं भावजय दर वेळी म्हणायची आणि दर वेळी ठेवून घ्यायची.) नवरात्रात गेलो तेव्हा नाक्यावर गर्दीचा पूर होता. आनंद दिघे यांनी सुरू केलेला इथला देवीचा उत्सव ठाणे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. आमच्या गावचीही माणसं दर्शनाला येतात. घरात पोरं खिडकीत उभी राहून आरती ऐकत होती. मी मागं आईजवळ जाऊन बसलो. तिथं नुसता धप धप ठेका येत होता, शब्द एकही नाही. आई भिंतीकडं बघत पडून होती.

"भाऊजी, आई दिवसदिवस बोलत नाहीत," भावजय हळूच म्हणाली. "जेवण आणून देते ते जेवतात. विचारलं तर बरं आहे म्हणतात."

मी मनात म्हटलं, रेडिओ नाही म्हणून असं झालं असणार. गावी आईचा रेडिओ सकाळी चुलीबरोबर पेटायचा. आमच्या वडलांनी घेतलेला पहिला ट्रान्झिस्टर खळ्यावर झोडणीला यायचा, खांबाला टांगला जायचा. त्या काळी रेडिओचा परवाना लागायचा आणि पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरायला लागायचे. सगळ्या भावंडांना 'कामगार सभा' आणि 'आपली आवड' यांच्या वेळा पाठ होत्या, घड्याळ नव्हतं तरी. म्हणून पुढच्या खेपेला मी घरचा ट्रान्झिस्टर पिशवीत घालून नेला. मागच्या खोलीत लावला तर नुसती खरखर! पुतण्यानं सांगितलं की, लोखंड-सिमेंटच्या भिंतींत मिडियम वेव्हच्या लहरी नीट शिरत नाहीत, आणि घरातले एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, लिफ्ट हे सगळे मिळून वर खरखर घालतात. खिडकीशी धरला की जरा बरा लागायचा. पण आईनं दिवसभर रेडिओ खिडकीत धरून बसायचं काय?

मग मी एक मूर्खपणा केला. तो सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. भावाला न विचारता बाजारातून एक पेटी उचलली. मोबाईलला बिनतारी जोडायची, समोर रंगीत दिवे, खोक्यावर हजारांत वॅट. दुकानदारानं आवाज असा काही सोडला की, रस्त्यावरची चार माणसं थांबली. मी खूष. घरी आणून बैठकीत ठेवली, म्हटलं एवढा दणका आहे तर चौथ्या खोलीत सहज जाईल. गेला खरा. पुढच्या खोलीत कान फुटायची वेळ, मुलांच्या खोलीत भाचीची परीक्षा, आणि आईच्या खोलीत पोचेपर्यंत पुन्हा तोच धप धप. संध्याकाळी शेजारचे गृहस्थ दारात आले. चांगला माणूस, नरमपणे बोलला, पण बोलला. टेंभी नाक्यावर राहणाऱ्याला आवाजाचं काय, हा माझा खेड्यातला समज. खरं तर याच ठाण्यातल्या डॉ. महेश बेडेकरांनी आवाजाच्या त्रासाबद्दल उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती आणि २०१६ साली तिचा मोठा निकाल लागला. २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. माझी पेटी त्यात बसणारी नव्हती.

दुकानदारानं ती परत घेतली नाही. खोक्यावरचे ते हजारो वॅटही खोटेच. पुतण्या म्हणाला, "आप्पा, पीएमपीओ लिहिलेला आकडा बघायचाच नाही. आरएमएस लिहिलेला बघायचा. एका खोलीला पाच-दहा वॅट पुरतात." पेटी मी गावी आणली आणि माचावर बांधली, रानडुकरांसाठी. पहिले चार दिवस डुकरं पळाली. पाचव्या दिवशी त्यांना सवय झाली.

पण त्या फजितीतून एक गोष्ट कळली. आईला फिजिओथेरपीसाठी न्यायचो तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी सहज विचारलं की, हिला आवाज मोठा करूनही समजत का नाही. त्या म्हणाल्या, म्हातारपणी आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू यायचे कमी होतात. स, फ, त, क अशी अक्षरं मुळातच बारीक आणि उंच. ती गळतात, ढोलाचा जाड आवाज तेवढा राहतो. म्हणून "बोललेलं ऐकू येतं पण कळत नाही" अशी म्हाताऱ्यांची तक्रार असते. लांबून मोठ्यानं ओरडण्यापेक्षा जवळून, बेतानं बोललेलं त्यांना जास्त कळतं. आम्ही इतके दिवस नेमकं उलटं करत होतो. एका खोलीत मोठा आवाज नको होता. प्रत्येक खोलीत लहान आवाज हवा होता.

असं यंत्र असतं, हे मला पुतण्यानं सांगितलं. घरभर वेगवेगळ्या खोल्यांत लहान लहान बिनतारी स्पीकर ठेवायचे आणि सगळ्यांतून एकच कार्यक्रम एकाच वेळी ऐकायचा. परदेशात हे जुनं झालं. सोनोस नावाच्या अमेरिकन कंपनीचा असा संच २००५ सालीच बाजारात आला होता. मला त्यातलं काही कळेना, तेव्हा त्यानं मला शेतीच्या भाषेत सांगितलं. पोरगं शहरात वाढलं तरी रक्त आपलं आहे.

"ब्लूटूथ म्हणजे दाव्याला बांधलेला बैल," तो म्हणाला. "दावं साधारण दहा मीटर. मधे भिंती आल्या की आणखी आखूड. मोबाईल घेऊन बाबा खाली गेले की गाणं बंद. कुणाचा फोन आला की गाणं बंद. वायफायचा स्पीकर तसा नाही. तो घरातल्या इंटरनेटच्या डबीतून स्वतः पाणी घेतो, पाटातून वाफ्यात यावं तसं. मोबाईल नुसता पाटकरी. कुठल्या वाफ्याला सोडायचं ते सांगायचं आणि मोकळं व्हायचं."

मी विचारलं, "आणि दोन स्पीकर मागंपुढं वाजले तर?" आमच्या गावात मारुतीच्या देवळावर एक भोंगा आहे आणि शाळेवर दुसरा. दोन्हींकडून एकच भाषण लागलं की, कुणालाच काही कळत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शाळा तेवढी लांब असली की तिथला शब्द एक सेकंद उशिरा येतो आणि घुमतो. पुतण्या म्हणाला, हे स्पीकर वायफायवरून आपापली घड्याळं जुळवून घेतात, म्हणून बरोबर वाजतात. मात्र सगळे एकाच पद्धतीचे हवेत. एक या कंपनीचा, एक त्या कंपनीचा घेतला तर बहुधा जमत नाही. आपली जुनी जोडी मोडून एक बैल बाजारातून आणावा तसं होतं.

यात एक धोका आहे आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. ट्रान्झिस्टरला कंपनी बुडाली तरी सेल घातले की चालतो. या नव्या वस्तू कंपनीच्या दोरीवर असतात. गुगलनं क्रोमकास्ट ऑडिओ नावाची, जुन्या स्पीकरला वायफाय जोडणारी लहानशी चकती २०१५ साली काढली आणि २०१९ साली तिची विक्री थांबवली. सोनोसनं २०२० सालापासून आपल्या काही जुन्या संचांना नव्या सुधारणा देणं बंद केलं. त्यांच्या मालात खोट होती असं नाही. पण आयुष्यभराची वस्तू म्हणून कर्ज काढून यात पैसे घालू नयेत, असं माझं मत झालं. आम्ही महागडे सोडून साधेच घ्यायचं ठरवलं.

यंदा दुकानात मी पुतण्याला पुढं केलं आणि आईचा विचार मागं उभा राहून केला. पहिल्या स्पीकरच्या डोक्यावर नुसती गुळगुळीत काच, बोट टेकवायचं. मी अंगठा टेकवला, काही नाही. पुन्हा टेकवला, नाही. रेशन दुकानात अंगठ्याचं यंत्र माझा ठसा घेत नाही, तीच गत. पन्नास वर्षं चिखलात राबलेल्या बोटांना ही काच ओळखत नाही. माझी ही गत तर आईची काय! दुसऱ्याला म्हणे तोंडी हुकूम द्यायचा. हिंदीत सांगितलं तर ऐकत होता. आमच्या आईची हिंदी म्हणजे "इदर आव" आणि "कितने को दिया". तिसऱ्याला उठावदार, दाबता येणारी बटणं होती: चालू-बंद, आवाज जास्त, आवाज कमी. आकारानं पितळी तांब्याएवढा. एकेक साडेचार हजारांच्या आसपास. तोच घेतला, एकसारखे तीन. एक आईच्या उशाशी, एक स्वयंपाकघरात, एक बैठकीत. मुलांची खोली अभ्यासासाठी सोडली. पैसे निम्मे भावानं, निम्मे मी. त्यावरूनही दोघांत थोडी ताणाताणी झाली, कारण मी आईला गावी न्यायचं म्हणत होतो आणि तो नाही म्हणत होता, आणि स्पीकरच्या पैशांवरून आम्ही तेच भांडत होतो.

बसवताना एक अडचण आली. इंटरनेटची डबी बैठकीत, आणि जुन्या इमारतीच्या भिंती जाड. मागच्या खोलीत वायफाय पोचेना. पुतण्यानं डबी स्वयंपाकघराच्या दारावर उंच टांगली आणि स्पीकर ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झवर जोडले. कमी गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून जास्त जाते. तेवढ्यानं काम झालं. चालू-बंदच्या बटणावर भावजयीनं नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं ठिपका दाबला. आकाशवाणीची बरीच केंद्रं आता इंटरनेटवरूनही लागतात, तशी लागली. बातम्या झाल्या, मग भावगीत लागलं. मी बैठकीत चहा घेत होतो. मागून आईची हाक आली, कितीतरी दिवसांनी एवढ्या मोठ्यानं.

"तुला पण तेच ऐकू येतंय का रे तिकडं?"

"हो, तेच!"

थोड्या वेळानं पुन्हा, "आणि हिला, सैपाकघरात?"

"मला पण, आई!" भावजय ओरडली.

त्यावर आई जी बोलायला लागली ती थांबेना. हे गाणं अमक्याच्या लग्नात लावलं होतं, तेव्हा पाऊस कसा आला, मांडव कसा पडला. भावजय पोळ्या लाटता लाटता विचारत होती आणि आई खाटेवरून सांगत होती. तिला रेडिओ हवा होता हा माझा अंदाज अर्धाच खरा होता. एकटीनं ऐकायचा रेडिओ तिला नकोच होता. गावी तिनं तो कधी एकटीनं ऐकलाच नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत प्रयोग केला होता, त्यात शेतकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची अशी रीत होती. आमच्या खळ्यावर हे कुणी न शिकवता चालायचं. निम्मा वेळ रेडिओ बोलायचा, निम्मा वेळ आई.

एक तक्रार तिची आहे. आकाशवाणीच्या ठोक्यावर घड्याळ लावायची तिची जुनी सवय. इंटरनेटवरून येणारा ठोका काही सेकंद मागं असतो. "ह्याचं टायम खोटं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

आता ती काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत येते. शिमग्याला गावी न्यायचं ठरलं आहे, भाऊही कबूल झाला. परवा निघताना मी सवयीनं विचारलं, "आई, काही हवंय का?" ती जरा थांबली.

"घरी गेल्यावर तसला एक माज्या खोलीत लाव," ती म्हणाली, "आणि एक गोठ्याकडं. तुजी बायको तिथं एकटीच असते धार काढायला."

गावी वीज जाते, आणि या स्पीकरांना सेल नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही. इंटरनेटच्या डबीला बारा व्होल्टची लहान बॅटरी मिळते असं पुतण्या म्हणतो. स्पीकर मात्र चार्जिंगवाले बघावे लागतील. घरी आल्या आल्या मी दारापासून गोठ्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. बावन्न पावलं भरली, आणि मधे एक मातीची भिंत.