पडद्याचा टाका

दिल्लीच्या मेट्रोत एका तरुणाने उठून आमच्या सौभाग्यवतींना ‘माताजी, बैठिए’ म्हटले, आणि पुढील साऱ्या प्रकरणाचा उगम त्या एका सौजन्यात आहे. हिच्याहून सहा वर्षांनी वडील असलेला मी शेजारीच उभा होतो; मला कोणी पिताजी म्हटले नाही. ही बसली नाही. राजीव चौकापर्यंत उभीच राहिली.

महिन्याभराने हिने गालांत धागे घालून घेण्याचा बेत सांगितला, तेव्हा मी दचकलो. “पडदा लोंबू लागला की चार टाके घालून वर घेतेच ना मी? तसेच ते,” ही म्हणाली. ज्यांनी सरकारी घरे बदलली आहेत त्यांना ठाऊक आहे की, कोणत्याही दोन घरांच्या खिडक्या एका मापाच्या नसतात. आमच्या नऊ बदल्यांत तेच पडदे हिने दर वेळी उसवले आणि पुन्हा बेतले होते. त्या उपमेपुढे माझे काय चालणार?

हे धागे पॉलिडायॉक्झॅनोन नावाच्या द्रव्याचे असतात. शस्त्रक्रियेत आतले टाके घालण्यासाठी ते द्रव्य कित्येक दशके वापरात आहे. धाग्याला बारीक काटे असतात. सुईने त्वचेखाली सरकवून ओढला की ते आत रुततात आणि ओघळलेला गाल वर धरून ठेवतात. साधारण सहा महिन्यांत धागा विरघळतो. जागा बधिर करून तासाभरात काम उरकले. मग सूचना आल्या. उशी उंच घेऊन उताणे झोपावे. चेहरा चोळू नये, खाली वाकू नये, कडक काही चावू नये. जांभईसुद्धा बेताने द्यावी. आणि तीन आठवडे खळखळून हसू नये.

“ती जबाबदारी माझी,” मी कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याच्या थाटात म्हणालो.

“ह्यांची भीती नको, डॉक्टर,” ही शांतपणे म्हणाली.

तेव्हा मी हसलो. रात्री मात्र झोप येईना. हिला मी शेवटचे केव्हा हसवले? लग्नानंतरच्या पहिल्या गावी मी रोज संध्याकाळी आमच्या साहेबांची नक्कल करीत असे, आणि ही पदर तोंडात कोंबून हसत असे. पुढे मी स्वतःच साहेब झालो.

जानेवारीचे दिवस होते. सूज आणि कानाजवळचा काळानिळा डाग शालीत झाकता आला; दिल्लीच्या थंडीचा एवढा उपकार मी प्रथमच मानला. संक्रांतीला मंडळात कडक तिळगूळ वाटायला मी एकटाच गेलो. उजव्या गालावर, धागा ओढला गेला होता तेथे, एक खळी उमटली होती. ती राहते की काय, या धास्तीने ही दहा वेळा आरशाशी जाई. दोन आठवड्यांत ती आपोआप मिटली.

याच काळात बैठकीतला पडदा जमिनीवर लोळू लागला. हिला वाकायची मनाई. म्हणून मी फतकल मारून सुई घेतली. दोरा ओवण्यातच दहा मिनिटे गेली. तासाभराने पाहतो तो पडद्याबरोबर माझा लेंगाही शिवला गेलेला! मी उठताच पडदा दांडीसकट खाली आला. हिने दोन्ही तळहातांनी गाल घट्ट धरले आणि डोळ्यांतून पाणी गाळीत ही आतल्या खोलीत पळाली. दाराआडून कितीतरी वेळ नुसते हुंदक्यांसारखे आवाज येत होते.

परिणामाविषयी विचाराल, तर हनुवटीच्या कडा थोड्या रेखीव झाल्या. ओळखीच्यांना वाटे, रजेवरून परतली असावी. फरक नेमका कशात हे कोणालाच सांगता येईना. मेट्रोत आता ‘आंटीजी’ म्हणतात. एवढी बढती हिला पुरेशी वाटली.

वर्ष उलटले. धागे केव्हाच विरघळले. ओठांशेजारची घडी हळूहळू परतते आहे. पुन्हा घालायचे का, याचा निर्णय हिने अजून केलेला नाही. बैठकीतला पडदा मात्र एका बाजूने चार बोटे वर आहे. पाहुणे आले की ही तो हाताने सारखा करते. माझे टाके काही उसवत नाही.